स्वेटरवाल्याची गोष्ट आपण चुकीची सांगतो



दिवाळी झाली की जालन्यात, संभाजीनगरात स्वेटरचे स्टॉल लागतात. आपण त्या सगळ्यांना सरसकट 'नेपाळी' म्हणून मोकळे होतो. त्यातले कितीतरी जण तिबेटी असतात. 1959 ला दलाई लामा भारतात आले, त्यांच्या मागोमाग हजारो माणसं हिमालय ओलांडून आली. पुष्कळांनी पहिली काही वर्षं डोंगरातल्या रस्त्यांवर खडी फोडली. मग वसाहती झाल्या. एक तर आपल्याच महाराष्ट्रात आहे, गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावला, 1972 पासून. शेती करायची आणि थंडीत स्वेटर विकायला निघायचं.

माझं घनसावंगीत रेडिमेडचं दुकान. माल भरायला जातो तेव्हा अशाच एका स्टॉलवाल्याशी दोस्ती झाली. माझ्याच वयाचा. आजोबा तिबेटमधून चालत आलेले. मी त्याला म्हणालो, "तुझी गोष्ट ट्रेनिंगमध्ये सांगतो, शून्यातून उभं राहिल्याची." तो हसला. "शून्य कुठलं भाऊ? लुधियानाच्या लालानं माल उधार दिला म्हणून उभे राहिलो."

खरी गोष्ट इथंच आहे बघा. सीझनच्या आधी ही मंडळी लुधियानाला जातात. थोडे पैसे रोख देतात, बाकी माल उधारीवर. ना सातबारा, ना तारण. सीझन संपला की आधी लालाचा हिशोब, मग घर. एकानं बुडवलं तर सगळ्यांचं नाव खराब होतं, म्हणून त्यांची संघटनाच मागं लागते.

आता माझं सांगतो. 2018 ला एका होलसेलवाल्याचे चाळीस हजार देणं होतं. घरात लग्न निघालं, गल्ल्यातले पैसे तिकडं गेले. देणं राहिलं हे एक वेळ चालतं, पण मी त्याचा फोन उचलणं बंद केलं. पुढच्या वर्षी त्यानं सरळ सांगितलं, रोख असेल तरच या. पाऊस नाही, कापूस नाही, हे मी त्याला ऐकवून बघितलं. त्याला काय त्याचं?

तुम्ही म्हणाल, स्वेटरवाल्याला सोपं आहे. तो रोखीनं विकतो आणि तीन महिन्यांत निघून जातो. आपलं गिऱ्हाईक सोयरं असतं, उसाचं बिल आलं की देतो म्हणतं, आणि बाजारात रोज समोर येतं. बरोबर आहे. ते मलाही जमलेलं नाही, अजून वही भरलेलीच आहे. पण रोजच्या विक्रीतून होलसेलचा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकणं जमलं. लग्न असो, दवाखाना असो, त्या खात्याला हात नाही. दोन वर्षं लागली परत उधारीवर माल मिळायला.

आणि एक. "ते काही नसताना उभे राहिले, तुम्ही का नाही?" असं स्टेजवरून ओरडणारे ट्रेनर मला आवडत नाहीत. मीही ओरडलोय, कबूल. हा पोरगा जन्मला भारतात, तरी खिशात परदेशी म्हणून नोंदणीचा कागद घेऊन फिरतो. हे कुणी हौसेनं निवडत नाही.

यंदा त्याला कॅमेऱ्यासमोर बसवायचं ठरवलंय. फोन केला तर म्हणाला, "फेब्रुवारीत बघू भाऊ, आधी लालाचे पैसे निघू दे."