गुलमंडीचे गिऱ्हाईक कोणी नेले?

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरातील गुलमंडी, रंगारगल्ली, सराफा आणि शहागंज या पेठांना उतरती कळा का लागली, याची जी उत्तरे सर्रास दिली जातात, ती या पेठांचे गिऱ्हाईक केवळ तटाच्या आत राहणारे होते असे गृहीत धरतात. वस्तुस्थिती तशी नव्हती. कन्नड तालुक्यातील पिशोरसारख्या गावांतील शेतकरी कुटुंबेही लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी, म्हणजे वधूवरांसह सर्व आप्तांच्या कपड्यांची एकत्र खरेदी करण्यासाठी, येथे येत. त्यामुळे ज्या उपपत्तीत या कुटुंबांना स्थान नाही, ती अपुरीच मानली पाहिजे.

पहिला पूर्वपक्ष ऑनलाइन खरेदीला दोषी धरतो. मात्र कारण हे कार्याच्या आधी असावे लागते. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील एडिना येथे साउथडेल हा पहिला बंदिस्त मॉल १९५६ मध्ये उघडला आणि तेथील शहरांच्या मध्यवर्ती पेठा पुढील दोन दशकांत खंगल्या. अॅमेझॉनची स्थापना १९९४ ची आहे. संभाजीनगरातही सिडकोची वसाहत १९७० च्या दशकात आणि वाळूजची औद्योगिक वसाहत १९८० च्या दशकात आकाराला आली, तर फ्लिपकार्ट २००७ मध्ये सुरू झाले आणि चिकलठाण्याचा प्रोझोन मॉल २०१० मध्ये उघडला. ऑनलाइन व्यापाराने आणि मॉलने हानी केली हे मान्यच आहे, परंतु ती आधीच सैल झालेल्या पायावर झाली.

दुसरा पूर्वपक्ष वाहनतळाच्या अभावाचा असून व्यापाऱ्यांना तोच सर्वांत पटतो. या पक्षाचे खंडन गुलमंडीतच होते, कारण दिवाळीत आणि रमजानमध्ये, जेव्हा या भागात वाहन उभे करणे जवळजवळ अशक्य असते, नेमकी तेव्हाच येथे सर्वाधिक गर्दी लोटते. याच्या उलट, मिशिगनमधील कॅलमझू या शहराने १९५९ मध्ये मुख्य पेठेचा रस्ता पादचाऱ्यांसाठी राखून ठेवला आणि १९९८ मध्ये त्याचा काही भाग पुन्हा वाहनांना खुला केला. वाहने काढल्याने किंवा आणल्याने पेठेचे भवितव्य ठरत नाही, एवढे यातून निश्चित दिसते. सणाचे प्रयोजन असले की माणूस अडचण सोसतो. प्रश्न उरतो तो वर्षातील इतर दिवसांचा.

येथूनच सिद्धान्तपक्ष सुरू होतो. पेठ ही खरेदीखेरीज इतर कामांसाठी आलेल्या माणसांवर जगते, आणि ती कामे सार्वजनिक निर्णयांनी एकेक करून बाहेर नेली गेली. शहराची लोकसंख्या १९९१ मध्ये पावणेसहा लाखांच्या आसपास होती, ती २०११ पर्यंत पावणेबारा लाखांवर गेली; म्हणजे गिऱ्हाईक घटले नाही, त्याची वस्ती, नोकरी आणि कचेरी तटाबाहेर सरकली. उच्च न्यायालयाचे खंडपीठ जालना रस्त्यावर आहे. मोंढा, म्हणजे शेतमालाच्या घाऊक व्यवहाराची पेठ, जाधववाडीच्या बाजार समिती आवाराकडे सरकला. अरुंद गल्ल्यांतून मालमोटारी हटवण्याची गरज होती, यात शंका नाही. परंतु मोंढ्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली, जिचा विचार झाला नाही. पिशोरकडचा शेतकरी माल विकून हातात आलेले पैसे घेऊन त्याच पायी कापडाच्या, भांड्यांच्या आणि सोन्याच्या दुकानांत जाऊ शकत होता, आणि पीक येईपर्यंत उधारीवर माल देणारा दुकानदार त्याला घराण्यानिशी ओळखत असे. विक्री आणि खरेदी यांची जागा तुटली, तशी ही पतही तुटली. तिची जागा हप्त्यांवर वस्तू देणाऱ्या वित्तसंस्थांनी घेतली, ज्यांना गुलमंडीची गरज नाही.

म्हणून रस्तारुंदीकरणाने पेठ वाचेल ही आशा फोल आहे. रुंद झालेला रस्ता माणसाला लवकर पुढे नेतो, थांबवत नाही. जुन्या शहरातील वाड्यांचे वरचे मजले पुन्हा राहण्याजोगे व्हावेत, ग्रामीण प्रवाशाला पेठेपर्यंत थेट आणणारी बससेवा असावी आणि उरलेली सरकारी कार्यालये हलवण्यापूर्वी त्यांच्यामुळे रोज किती माणसे या गल्ल्यांत येतात याची मोजदाद व्हावी, ही मागणी व्यापारी संघटनांनी महापालिकेकडे वाहनतळाच्या मागणीच्याही आधी केली पाहिजे.