माजघरात उजेड
जुनं घर नव्यानं करायचं ठरलं की लोक आधी भिंती पाडायला निघतात, आणि मला त्याचीच धास्ती वाटते. वाड्याच्या घरात छताचा भार लाकडी खांब, तुळया आणि जाड भिंती मिळून पेलतात; कुठली भिंत नुसता आडोसा आहे आणि कुठली वरचा मजला तोलून आहे, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय घणाला हात लावू नये. खरं तर काळोखाचं मूळ बरेचदा भिंतीत नसतंच. मधला चौक कुणीतरी पत्रा घालून झाकलेला असतो, झरोके बुजवलेले असतात. तो पत्रा आधी काढा! घर कौलारू असेल तर काम आणखी सोपं: बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कारखाना काढला, तेव्हापासून ही कौलं साच्यात निघतात, आणि त्याच घडणीचं काचेचं कौल बाजारात मिळतं. माजघरावर अशी चार कौलं बसवली की दुपारी दिवा लावावा लागत नाही. भिंतींना मात्र चुन्याचाच गिलावा द्या. मातीच्या भिंतीवर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, पोपडे सुटतात. चुना ओल बाहेर जाऊ देतो, आणि त्याची सफेदी चौकातून आलेला उजेड पार कोपऱ्यापर्यंत पोचवते.