ढगाळ कास
आभाळ भरून आलं म्हणून साताऱ्यातूनच गाडी मागे फिरवणारे छायाचित्रकार दिसले, की वाईट वाटतं. सप्टेंबरात कास पठारावर धुकं उतरतं, भुरभुर पाऊस लागतो आणि फुलांचा खरा रंग तेव्हाच कॅमेऱ्यात येतो. कडक उन्हात ‘सीतेची आसवं’ या फुलांचा निळा-जांभळा फिका पडतो, गेंदाचा तर नुसता पांढरा डाग उरतो. ढगांतून उजेड सगळीकडून सारखा येतो, सावल्या मऊ होतात. खरी अडचण वाऱ्याची. जांभ्यावरची माती पातळ, देठ नाजूक, फूल क्षणभर थांबत नाही. अशा वेळी आयएसओ बिनधास्त वाढवावा, शटर वेगवान ठेवावं. चित्र थोडं रवाळ आलं तरी चालेल. पण जवळून टिपायच्या मोहात पायवाट सोडू नये. सीतेची आसवं सूक्ष्म जीव पकडतात ते ओल्या मातीतल्या इवल्या फुग्यांनी, आणि बुटाखाली तेच चिरडतात. २०१२ पासून हे पठार जागतिक वारशात आहे, याची एवढी तरी जाण हवी. पाऊस कोसळतच राहिला, तर खाली सांगली जिल्ह्यात सागरेश्वर अभयारण्य गाठावं. तिथे पाऊस बराच कमी, आणि ढगाळ उजेडात चितळाच्या अंगावरचे ठिपके सुरेख उठून दिसतात.