‘थोडं थोडं जातं’ म्हणजे नेमकं किती?

केमोच्या ओपीडीत डॉक्टर विचारतात, “जेवण जातं का?” पेशंट म्हणतो, “थोडं थोडं जातं.” सोबतची सून मान डोलावते आणि केसपेपरवर तेवढंच उतरतं. रक्ताचे आकडे दशांशापर्यंत, पोटात गेलेल्या अन्नाचा मात्र नुसता अंदाज.

कर्करोगात शरीर झिजवणाऱ्या अवस्थेला कॅकेक्सिया म्हणतात. सहा महिन्यांत 5 टक्क्यांहून जास्त वजन घटणं ही तिची एक मुख्य खूण, असं तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने 2011 साली ठरवलं. यात स्नायू झिजतात आणि केवळ आहार वाढवून ते पूर्ण भरून येत नाहीत.

मग मोजायचं कशाला? तोंड आलंय, मळमळतंय, मॉर्फिनमुळे पोट साफ होत नाही म्हणून अन्न जात नसेल, तर त्यावर इलाज आहे. पुरेसं जाऊनही वजन उतरत असेल, तर वेगळा विचार करावा लागतो. हा फरक नोंदीशिवाय कळणार कसा? एकट्या वजनकाट्यावरही विसंबता येत नाही. पोटात पाणी साठलं की तो खोटा दिलासा देतो.

भूक वाढवणारे उपायही आहेत. पुद्दुचेरीच्या जिपमरमधल्या चाचणीत ओलान्झापिनच्या लहान डोसाने केमो घेणाऱ्या 60 टक्के रुग्णांचं वजन 5 टक्क्यांहून जास्त वाढलं. औषध न मिळालेल्यांत हे प्रमाण 9 टक्के होतं. पण रुग्ण जेवत नाही हे वेळेवर लक्षात आलं, तरच असा उपाय सुचणार.

50 किलोच्या रुग्णाला दिवसाला साधारण 1250 ते 1500 कॅलरी आणि 50 ते 75 ग्रॅम प्रथिनं लागतात. वाटीभर वरणात 30 ग्रॅम तूरडाळ असेल तर साडेसहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. गिळायला सोपं म्हणून तेच वरण पातळ केलं, की वाटी तीच राहते आणि प्रथिनं निम्म्यावर येतात! शिवाय काल काय खाल्लं हे थकलेल्या माणसाला नीट आठवत नाही, आणि घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून तो चार घास वाढवूनच सांगतो.

म्हणून वाढणाऱ्यानेच लिहावं: वाटी कोणती, वरण घट्ट की पातळ, ताटात उरलं किती. पाव, अर्धं, पाऊण एवढंही पुरे. एक सुटीचा दिवस धरून तीन दिवसांची वही आहारतज्ज्ञाला बरंच सांगते. मात्र रुग्णासमोर हिशेब मांडून घासासाठी आग्रह धरू नये. त्याने जेवणाची धास्तीच बसते. मुळात हे काम एकट्या घरच्यांवर टाकणंही चुकीचं. प्रत्येक कर्करोग ओपीडीत आहारतज्ज्ञ हवा आणि केसपेपरवर वजनाच्या शेजारी ‘गरजेच्या किती टक्के आहार गेला’ असा रकाना हवा. गरजेच्या 60 टक्क्यांहून कमी आहार आठवडा-दोन आठवडे जात असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णाला बोलावून घ्यायला हवं.