भाडं घेणारा जेव्हा भाड्यासाठी मदत मागतो

ब्रिटनमधल्या हाउसिंग बेनिफिटचा, म्हणजे भाड्यासाठीच्या सरकारी मदतीचा, विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. 'स्वतःचं घर दुसऱ्याला भाड्याने द्यायचं आणि आपल्या भाड्यासाठी सरकारपुढे हात पसरायचा, याला काय म्हणायचं?' प्रश्नातच उत्तर असतं: लबाडी म्हणायचं. दुसऱ्या बाजूचं रडगाणंही तितकंच ठरलेलं. 'घर नावाला माझं. आलेलं भाडं बँकेच्या हप्त्यात जातं, हातात पै उरत नाही. मग गरीब मी नाही तर कोण?' माझं म्हणणं असं की दोघेही भलताच कागद हातात धरून भांडताहेत. एकाच्या हातात मालकीचा कागद आहे, दुसऱ्याच्या हातात पासबुक. बघायचं ते वेगळंच आहे. घर आज विकलं तर देणी भागवून किती उरेल, आणि विकायला किती वेळ लागेल?

कायदा बऱ्याच अंशी हेच बघतो, पण हे वाद घालणाऱ्यांच्या गावीही नसतं. राहत नसलेलं दुसरं घर हाउसिंग बेनिफिटच्या 2006 च्या नियमावलीत भांडवल म्हणून धरलं जातं. बाजारभाव घ्यायचा, विक्रीखर्चापोटी त्याचे दहा टक्के वजा करायचे, त्या घरावरचं कर्ज वजा करायचं. उरलेली रक्कम सोळा हजार पौंडांच्या वर गेली तर कामाच्या वयातल्या माणसाला मदत बंद. सहा हजारांच्या आत असेल तर ती हिशेबातच नाही. मधल्या पट्ट्यात सहा हजारांवरच्या दर अडीचशे पौंडांमागे आठवड्याला एक पौंड उत्पन्न आहे असं गृहीत धरतात. आता कामाच्या वयातले बहुतेक नवे अर्जदार युनिव्हर्सल क्रेडिट या एकत्रित मदतीकडे जातात, पण सहा आणि सोळा हजारांच्या रेघा तिथेही त्याच आहेत.

समजा, एकाने लेस्टरला घर घेतलं, पुढे संसार मोडला, नोकरी लंडनला गेली आणि आता ते घर भाड्याने देऊन तो लंडनच्या हॅरो भागात स्वतः भाड्याने राहतो. लेस्टरचं घर एक लाख ऐंशी हजारांचं, कर्ज दीड लाखाचं. विक्रीखर्चाचे अठरा हजार काढले की उरतात बारा हजार. हाउसिंग बेनिफिटच्या हिशेबाने आठवड्याला चोवीस पौंड गृहीत उत्पन्न धरून त्याचा अर्ज पुढे सरकू शकतो, आणि यात लबाडी तिळमात्र नाही. त्याच घरावर कर्ज एक लाख चाळीस हजारांचं असतं तर उरले असते बावीस हजार, आणि अर्ज दारातच अडला असता. दोन्ही वेळी घर एकच, भाडेकरू एकच. म्हणून 'घर आहे म्हणजे पैसा आहे' हा पहिल्या पक्षाचा सिद्धान्त इथेच कोसळतो. आणि सरकारी मदतीचा पैसा शेवटी कुठल्या तरी घरमालकाच्याच खात्यात जातो, तेव्हा मात्र यांचं पित्त खवळत नाही. असो.

दुसऱ्या पक्षाला मात्र मी इतक्या स्वस्तात सोडणार नाही. 'भाडं हप्त्यात जातं' हे वाक्य ऐकायला केविलवाणं आहे, हिशेबात ते अर्धवट आहे. हप्त्यात व्याजही असतं आणि मुद्दलही. मुद्दलाचा प्रत्येक पौंड ही त्या मालकाची बचत असते, भाडेकरूने भरलेली आणि विटांत साठवलेली. नुसतं व्याज भरायचं कर्ज असेल तर ही बचत होत नाही, हे खरं. पण मग भाव वाढला की तो सगळाच्या सगळा मालकाचा. पंधरा हजार पौंड पोस्टात ठेवणाऱ्या मोलकरणीच्या मदतीला कात्री लागते आणि लाखभर पौंड घरात अडकवलेल्याला पूर्ण मदत मिळावी, असं म्हणणाऱ्याने आधी त्या मोलकरणीच्या डोळ्याला डोळा भिडवावा.

नियम भाड्याकडे कसं पाहतो हेही इथे सांगायला हवं. घराची किंमत भांडवलात धरली असेल तर त्यातून येणारं भाडं उत्पन्न म्हणून पुन्हा मोजत नाहीत, तेही भांडवलातच मिळवतात. म्हणजे एकाच घरासाठी माणसाला दोनदा झोडपत नाहीत. घर विकायला काढलं असेल तर त्याची किंमत सव्वीस आठवडे, आणि वाजवी कारण असेल तर त्याहून जास्त काळ, हिशेबाबाहेर ठेवतात. त्या काळात मात्र भाडं उत्पन्न ठरतं, पण त्या घराचा हप्ता, कौन्सिल टॅक्स आणि पाणीपट्टी त्यातून वजा होते. म्हणजे हप्त्याचं रडगाणं कायद्याने ऐकलेलं आहे. फक्त जो घर विकायला निघाला आहे त्याचंच. मला हा भेद न्याय्य वाटतो. घर धरून ठेवायचं की सोडायचं हा निर्णय मालकाचा आहे, आणि धरून ठेवण्याचा खर्च त्याने दुसऱ्या करदात्यांवर टाकू नये.

'आम्ही भारतातलं घर कशाला सांगू?' हा प्रश्न ब्रिटनमधल्या मराठी घरांत दबक्या आवाजात विचारला जातो. इथे मात्र सगळ्यांनी कान टवकारावेत. भांडवल देशाबाहेर असलं तरी ते मोजलं जातं. कोथरूडचा भाड्याने दिलेला फ्लॅट मोजला जातो, साताऱ्याच्या वाड्यातला हिस्साही मोजला जातो. पण अख्ख्या वाड्याची किंमत भावंडांच्या संख्येने भागून नाही, तर त्या हिश्शाला बाजारात प्रत्यक्ष काय मिळेल ते बघून. ज्या वाड्यात दोन भाऊ राहतात, एकाने मागच्या परसात खोली चढवली आहे आणि वाटपाचा दावा कोर्टात पडून आहे, तिथला अविभक्त हिस्सा विकत घेणारा शहाणा माणूस कुठे मिळणार? हे कागदोपत्री दाखवता आलं तर किंमत बरीच खाली येते. लपवायची गरजच नसते. लपवलं आणि सापडलं तर मात्र घेतलेली मदत परत करावी लागतेच. शिवाय जाणूनबुजून केल्याचं सिद्ध झालं तर सामाजिक सुरक्षा प्रशासनाच्या 1992 च्या कायद्याखाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

याहून अवघड गोष्ट आहे हक्कसोडपत्राची. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा मिळाला, पण आपल्याकडे बहिणीने भावाच्या नावे सही करून देणं हे अजूनही माहेर टिकवण्याची किंमत समजलं जातं. आता लंडनमधली बहीण अशी सही करते आणि नंतर भाड्यासाठी मदत मागते. ब्रिटिश नियमाचा प्रश्न इतकाच असतो: मदत मिळवणं हा त्या सहीमागचा महत्त्वाचा हेतू होता का? असेल तर सोडलेला हिस्सा तिच्याकडेच आहे असं मानून हिशेब करतात. कडक मतवाले म्हणतील, हेतू कशाला, सही केली म्हणजे पैसा सोडला. हे मला मान्य नाही. वडील गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडे नेऊन सही घेतलेल्या बाईला लबाड ठरवणारा नियम आंधळा ठरला असता. हेतू विचारणारा नियम तिला बोलायची संधी देतो. मात्र बेनिफिटचा अर्ज भरायच्या आठवडाभर आधी पुण्याचा फ्लॅट पुतण्याच्या नावे करणाऱ्याने याच युक्तिवादाच्या आड लपू नये.

एवढं सगळं नियमाच्या बाजूने बोललो, तरी त्यातली एक गोष्ट मला बोचते. सोळा हजारांची रेघ हाउसिंग बेनिफिटला 1990 पासून तशीच आहे. त्या काळात ब्रिटनमधल्या घरांच्या किमती चौपटीहून अधिक झाल्या. रेघ जागेवर आणि जमीन खाली धसत गेली, तर काल अलीकडे असलेला माणूस आज काही न करता पलीकडे जातो. शिवाय ती रेघ कड्यासारखी आहे: पंधरा हजार नऊशेला मदत, सोळा हजार शंभरला शून्य. ज्याचं घर भाडेकरूसकट अडकलं आहे, ज्याला विकायचं आहे पण लगेच विकता येत नाही, तो नेमका या कड्यावरून खाली पडतो. भाडेकरूच्या हक्कांविषयीच्या 2025 च्या कायद्यानुसार इंग्लंडमध्ये मालकाला विक्रीसाठी घर रिकामं करून घ्यायला चार महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि तिची मुदत भाडेकरार सुरू होऊन एक वर्ष होण्याआधी संपू शकत नाही. भाडेकरूसाठी हे चांगलंच आहे. पण मग सव्वीस आठवड्यांनंतरची 'वाजवी' मुदत हाउसिंग बेनिफिट देणाऱ्या स्थानिक कौन्सिलने सढळ हाताने मोजायला हवी.

माझी मागणी मात्र मुदतीपेक्षा मोठी आहे. स्वतःच्याच घरात राहणाऱ्या गरजूला मॉर्गेजच्या व्याजासाठी मिळणारी सरकारी मदत 2018 च्या एप्रिलपासून देणगी राहिलेली नाही. ती त्या घरावर बोजा चढवून दिलेलं कर्ज आहे, घर विकलं की फेडायचं. मग भाड्याने दिलेल्या घराचा मालक स्वतः भाड्याने राहत असेल आणि सोळा हजारांच्या थोडा वर असेल, तर त्यालाही कड्यावरून ढकलण्याऐवजी घरावर बोजा चढवून मदत का देऊ नये? आणि सोळाच्या आतला मालक मदत घेता घेता वाढीव भाव खिशात घालतो, त्याच्याकडूनही विक्रीच्या वेळी ती मदत का परत घेऊ नये? पहिल्या पक्षाचा 'फुकट देता' हा राग इथे संपतो आणि दुसऱ्या पक्षाचं 'आज हातात पैसे नाहीत' हे दुखणंही.

यावर कौन्सिलवाले म्हणतील, बोजे चढवायचे, नोंदी ठेवायच्या, आमच्याकडे माणसं कुठे आहेत? पण वृद्धाश्रमाचा खर्च घर विकल्यावर वसूल करण्याची सोय इंग्लंडमधल्या कौन्सिलांनी 2015 पासून देणं बंधनकारकच आहे. फॉर्म छापलेले आहेत, वकील नेमलेले आहेत. अडचण फक्त परदेशातल्या घरांची. कोथरूडच्या फ्लॅटवर हॅरोची कौन्सिल बोजा चढवू शकत नाही, आणि तसं करून देण्याची मागणी मीही करणार नाही. त्या मालकाने घर विकावं, किंवा जुनीच रेघ मान्य करावी.