आरोग्यविचार : मज्जारोपणानंतरचें पोटदुखणें

पारशिवनीहून आमच्या एका वाचक भगिनीनें लिहिलें कीं, त्यांच्या पुतण्यास रक्ताचा कर्करोग झाल्यामुळें त्याच्या थोरल्या भावाच्या मूळपेशी त्यास देण्यांत आल्या. त्यास दोन महिने झाले. मुलगा आतां घरीं आहे. परंतु चार दिवसांपासून त्याच्या पोटांत कळा येतात व जुलाब होतात. सासूबाई म्हणतात, कांहीं बाधलें असेल, ओवा द्या; मामंजी म्हणतात, सोमवारीं नागपुरास जाऊं. करावें काय?

मासिकाचा अंक निघेपर्यंत थांबण्याजोगा हा प्रश्न नव्हता. "रोपण करणाऱ्या डॉक्टरांस आजच कळवा व निघा," असें आम्हीं त्यांस दूरध्वनीवरून सांगितलें. तें कां, हें येथें सर्वांसाठीं लिहितों.

ही चिकित्सा आपल्याकडे अगदींच नवी नव्हे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांत डॉ. सुरेश अडवाणी यांनीं १९८३ सालीं भारतांतील पहिलें मज्जारोपण केलें. तींत प्रथम तीव्र औषधांनीं रोग्याची जुनी मज्जा नष्ट करितात व मग दात्याच्या पेशी शिरेवाटे देतात. त्या रुजण्यास दोन ते चार आठवडे लागतात. तोंवर आंतड्यांचें अस्तर सोलवटलेलें असतें व जंतूंस रान मोकळें मिळतें. याच सुमारास यकृतांतील बारीक शिरा तुंबल्यास उजव्या बरगडीखालीं दुखतें, कावीळ होते, पोटांत पाणी सांठून वजन वाढतें. असें वजन वाढलें असतां 'अंगीं लागलें' म्हणून समाधान मानूं नये.

पुढें दात्याच्या पेशी रोग्याच्या शरीरासच परकें मानून त्यावर उठतात. पाहुण्यानें घरधन्यावर हात उगारावा तसा हा प्रकार. पुरळ, कावीळ, जुलाब व पोटांतील कळा हीं त्याचीं लक्षणें. दाता सख्खा भाऊ असला म्हणजे हें टळतेंच असें नाहीं. हा विकार बहुधा पहिल्या शंभर दिवसांत होतो. नंतरहि होऊं शकतो. शरीरांत दबून राहिलेला सायटोमेगालो नांवाचा विषाणु उफाळल्यासहि असेच जुलाब होतात. पहिल्यांत प्रतिकारशक्ति आणखी दाबावी लागते, दुसऱ्यांत विषाणूवरील औषध द्यावें लागतें. अनेकदां दुर्बिणीनें आंतड्याचा कण काढून तपासल्यावरच हा भेद कळतो. मग घरीं ओवा देऊन तो कसा कळावा?

म्हणून अशा घरांत एकाच जबाबदार माणसानें वहींत रोज वजन, ताप, शौचाची संख्या व रंग लिहावा. रक्त दिसल्यास, पोट फुगल्यास वा जुलाब वाढल्यास क्षणभरहि थांबूं नये. स्टेरॉइड चालू असतां ताप व दुखणें झांकलें जातें. तेव्हां ताप नाहीं म्हणून निर्धास्त राहूं नये. काढा, चूर्ण वा जुलाब थांबविणारी गोळी विचारल्यावांचून देऊं नये, व चालू औषधें आपल्या मनानें बंद करूं नयेत. ओकारींत गोळी पडली तर तेंहि डॉक्टरांस सांगावें.

आजीच्या मायेस आम्ही उणें लेखीत नाहीं. डॉक्टरांनीं परवानगी दिली म्हणजे ताजा, ऊन, मऊ भात तिच्याच हातचा असावा. पारशिवनीचा मुलगा त्याच सायंकाळीं रुग्णालयांत पोंचला. सोमवारची वाट कोणीं पाहिली नाहीं, याचें आम्हांस समाधान वाटतें.