दुखणे दाबाल, कामाचा बोजा कसा दाबाल?

साथींनो,

गँगहटमध्ये जा, पार्सल ऑफिसात जा, आरएमएसच्या सॉर्टिंग हॉलमध्ये जा, कुणाच्या तरी खिशात आयबुप्रोफेनची पट्टी सापडतेच. कंबर धरली, घे गोळी. ताप आला, घे गोळी आणि ये ड्युटीवर! जागा रिकाम्या ठेवायच्या, चौघांचे काम दोघांवर लादायचे आणि कामगाराने दुखणे गोळीने दाबायचे, हा व्यवहार प्रशासनाला स्वस्तच पडतो. त्याची किंमत आपले शरीर मोजते.

औषध वाईट नाही. इंग्लंडमध्ये १९६९ साली ते सांधेदुखीसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळू लागले. सूज, ताप, वेदना तिन्हींवर ते चालते. पण शरीरातील ज्या द्रव्यांना ते अडवते, तीच द्रव्ये जठराचे अस्तर जपतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवतात. म्हणून जठरात जखम होऊन रक्तस्राव होऊ शकतो. मे महिन्याच्या उन्हात घामाने अंगातले पाणी आटलेल्या ट्रॅकमनच्या मूत्रपिंडाला तर अधिकच धोका.

तेव्हा प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर प्रौढाने एका वेळी २०० ते ४०० मिलिग्रॅम, तेही जेवणानंतर. दोन मात्रांत किमान ६ तास. दिवसभरात १२०० मिलिग्रॅमच्या वर नाही. कॉम्बिफ्लाममध्ये ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन असतेच, त्यावर ब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊ नये. अल्सर, दमा, हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर भगिनींनी आधी डॉक्टरांना विचारावे. डेंग्यूची शंका असेल तर ही गोळी मुळीच नको, रक्तस्रावाची भीती असते. तापाला पॅरासिटामॉल घ्यावे, तेही मापात. शौचास काळे झाले, उलटीत रक्त दिसले, लघवी कमी झाली, तर तडक दवाखाना गाठावा.

प्रशासन म्हणेल, गोळ्या तुम्हीच केमिस्टकडून आणता. आणतो. पण सिक मेमो मागितला की कपाळाला आठ्या कोण घालतो? विश्रांतीऐवजी "दोन दिवस गोळ्या घेऊन बघा" असे कोण सांगतो? विश्रांती मिळाली असती तर कामगार स्वतःच स्वतःचा डॉक्टर झाला नसता.

काही साथी विचारतात, गोळीशिवाय ड्युटी निघणार कशी? याचे उत्तर केमिस्टकडे नाही, युनियनकडे आहे. रिकाम्या जागा भरा. बीटवर पिण्याचे पाणी आणि सावली द्या. पोस्टमनच्या थैलीचे ओझे आवरा. आजाऱ्याला कटकट न करता रजा द्या. १९७४ च्या मे महिन्यात रेल्वे कामगार ८ तासांच्या दिवसासाठीही संपावर उतरला होता, तो शरीराला विसावा मिळावा म्हणूनच. तो विसावा खिशातल्या पट्टीवर विकू नका. प्रत्येक शाखेने या मागण्यांचा ठराव करून प्रशासनाला द्यावा.

कामगार एकजुटीचा विजय असो!